वास कवय येस?

सुरतेच्या उधन्यात एक मिस्त्री आहेत, पेट्रोल गळतंय म्हणून गाडी नेली की बॉनेटला हात न लावता आधी मागच्या सीटवर जाऊन बसतात, असं लिंबायतच्या नातलगांनी सांगितलं होतं. मागं बसून त्यांना काय कळतं, ते बघायला गेलो.

मिस्त्री मूळचे अमळनेरकडचे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशी माणूस पावलोपावली भेटतो. गॅरेजात सगळे त्यांना नाना म्हणतात. समोर २००४ ची मारुती ८०० उभी होती, डिक्कीत सीएनजीची टाकी. मालक कापड मार्केटात कामाला, गाडी तिसऱ्या हातची. आरशाला सुगंधाच्या दोन कुप्या लटकत होत्या, आधीच्या मालकाच्या. नानांनी आधी त्या काढून बाहेर ठेवल्या, काचा बंद केल्या, मागं बसले आणि खानदेशी बोलीत विचारलं, "वास कवय येस?"

"सकाळी. चालू केली की पाच मिनिटं, मग जातो. पोरगी मागं बसते, तिला मळमळतं. गॅसवाल्याकडं दोनदा जाऊन आलो नाना, तो म्हणतो कुठंच लीक नाही."

"तो खरं बोलतो," नाना म्हणाले.

सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तो वास वेगळा, हा पेट्रोलचा वेगळा. शिवाय सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. पेट्रोलची वाफ जड, ती खाली साचते. आणि ही गाडी सुरू होते पेट्रोलवर, थोडी तापली की गॅस लागतो आणि पेट्रोलचा पंप थांबतो. म्हणजे गळती पंप चालू असतानाच होते, दाब असलेल्या लाइनमध्ये, मागच्या बाजूला. पेट्रोलची टाकी फुल केल्यावरच वास आला असता तर नानांनी टाकीचं वरचं गॅस्केट आणि भरण्याची नळी पाहिली असती. पान्याला हात न लावता त्यांनी शोध हातभर जागेवर आणला होता. हे मला कुठल्याही स्कॅनरपेक्षा मोठं वाटलं.

गाडी रॅम्पवर गेली. बल्बचा दिवा नाही, एलईडीची बॅटरी; आसपासचं वेल्डिंग बंद. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते, सुरतेच्या उन्हाळ्याचं तर सोडाच. टाकीजवळ लोखंडी पाइप आणि रबराची नळी जुळते तिथं नानांनी फडक्यानं पुसलं आणि अंगाला लावायच्या पावडरीचा डबा घेऊन वर पावडर भुरभुरली. गॅरेजातल्या पोरानं चावी फिरवली, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला. पांढऱ्या पावडरीवर मोहरीएवढा काळपट ओला ठिपका उमटला. पुन्हा चावी, ठिपका हरभऱ्याएवढा झाला.

क्लिपखाली काहीतरी पिवळट थापलेलं होतं. नानांनी नखानं खरवडलं. साबण. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवायला तो बरा. इथं मात्र तो चोळून वर सुगंधाच्या कुप्या टांगल्या आणि गाडी विकली. ज्यानं कुणी हे केलं, त्यानं मागच्या सीटवरच्या पोरीच्या खाली पेट्रोल गळू दिलं. याला मी जुगाड म्हणणार नाही.

नळीही चुकीची होती, कार्ब्युरेटरच्या गाडीला चालते तशी. ही गाडी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची; तिच्या लाइनमध्ये साधारण तीन बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. साध्या नळीला तो फार दिवस सोसत नाही. "किती लागते?" मी विचारलं. "दीड फूट," नाना म्हणाले. "दीड फुटात पैसे वाचवले."

पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, नळी बदलली. क्लिपही बदलली, कारण जुनीच्या खाचा रबरात रुतून ते कापत होत्या.

जुनी नळी वाकवली तर आतून भेगा. ही गाडी दिवसभर गॅसवर पळते, लाइनमधलं पेट्रोल शिळं होत राहतं. त्यात आता वीस टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे बनू लागले, ही गाडी त्याच्या एकोणीस वर्षं आधीची. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, पण खर्च किरकोळ. खर्च किरकोळ आहे हे खरं. पण बदलायचं आहे हे या मालकाला कुणी सांगितलं होतं?

तेवढ्यात एक जण स्कूटर उभी करून आला. त्याचीही गाडी गळत होती, रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. "नाना, साबण लावून द्या ना तेवढा."

"विकायचीय म्हणून तर नळी टाक. दीड फूट लागते."

तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. नानांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यांचं एक गिऱ्हाईक गेलं. तरी मला त्या दुपारी गॅरेजात घडलेलं सर्वांत चांगलं काम तेच वाटलं.

मारुतीची टाकी भरून आणली, पुन्हा पावडर टाकली, पुन्हा चावी फिरवली. पावडर कोरडी राहिली. मग नाना लोखंडी पाइपवर बोट फिरवत पुढं गेले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं सुरतेचा बहुतेक भाग बुडाला होता, आणि लिंबायतकडं तर खाडीचं पाणी पावसाळ्यात रस्त्यावर येतं. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला गंज खालूनच चढतो. मधल्या ब्रॅकेटपाशी पाइप खरखरीत लागला. गळत नव्हता. नानांनी तिथं रंगाची खूण केली, मालकाला वाकवून दाखवली आणि सांगितलं, "रोज थोडी पेट्रोलवर चालवत जा. आणि हा पाइप पुढच्या पावसाळ्याच्या आत."

मालकानं किती लागतील विचारलं. नाना हिशेब करायला कागद शोधू लागले.