हाताने चालवायची वेळ

23 डिसेंबर 2015 रोजी दुपारी पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रान्किव्स्क भागातल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका ऑपरेटरला पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना दिसला. बाण एका ब्रेकरवर गेला, ब्रेकर उघडला आणि एक उपकेंद्र बंद पडलं. मग दुसरं. त्याने माउस ओढून पाहिला, तर यंत्रणेने त्यालाच बाहेर काढलं, पासवर्डही बदललेला. तीन कंपन्यांचे मिळून सुमारे 2,25,000 ग्राहक डिसेंबरच्या थंडीत अंधारात गेले.

हल्लेखोर कित्येक महिने आत येऊन बसले होते. ईमेलला जोडलेल्या एका साध्या ऑफिस फाइलमधून ते शिरले आणि कर्मचाऱ्यांचेच पासवर्ड चोरून ऑफिसच्या नेटवर्कमधून वीज चालवणाऱ्या नेटवर्कमध्ये पोचले. तयारी बारकाईची होती. तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉलनी तुंबवले. उपकेंद्राशी संपर्क राखणाऱ्या कन्व्हर्टरचं फर्मवेअर बिघडवलं, म्हणजे ब्रेकर दुरून पुन्हा जोडताच येऊ नयेत.

तरी एक ते सहा तासांत वीज आली. माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने क्लोज केले. जुनाट म्हणून नाकं मुरडावीत अशा त्या जाळ्यात हाताने चालवायची सोय अजून शाबूत होती आणि ती वापरता येणारी माणसंही पगारावर होती.

औद्योगिक यंत्रणांच्या सायबर सुरक्षेवर बोलताना सगळा भर असतो तो फायरवॉलवर, भिंतींवर. भिंती हव्यातच. पण गेल्या पंचवीस वर्षांतल्या मोठ्या घटना एकापुढे एक ठेवल्या, तर भिंत पडल्यावर कोणी काय केलं यावरच नुकसानीचा आकडा ठरलेला दिसतो, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

मुळात ही यंत्रं भोळी आहेत. कारखान्यातला कन्व्हेयर असो की पाण्याचा पंप, त्याला हुकूम देतो तो पीएलसी. या पीएलसींच्या बोलण्याची एक लोकप्रिय पद्धत, मॉडबस, 1979 सालची. हुकूम कोण देतंय हे विचारायची सोयच तिच्यात नाही, कारण तेव्हा तार कारखान्याच्या कुंपणाबाहेर जात नव्हती. आज जाते, आणि पीएलसी मात्र पंधरा-वीस वर्षं बदलला जात नाही. आयटीवाले दर महिन्याला पॅच टाका म्हणतात. प्लांटवाले म्हणतात, पुढच्या शटडाऊनला बघू. दोघांचंही बरोबर असतं, हीच पंचाईत आहे.

पहिली धोक्याची घंटा 2000 साली ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या मारूची भागात वाजली. सांडपाण्याची नियंत्रण यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतल्या एका माजी कर्मचाऱ्याला स्थानिक कौन्सिलने नोकरी नाकारली. त्याने लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन पंपांना खोटे हुकूम सोडले. सुमारे 8 लाख लिटर मैलापाणी नदीत, बागांत, एका हॉटेलच्या आवारात गेलं. आधी बरेच दिवस लोक यंत्रणेतच दोष शोधत बसले होते.

त्याच संशयाचा पुरेपूर वापर स्टक्सनेटने केला. 2010 मध्ये उघडकीला आलेला हा किडा इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम सेंट्रिफ्यूजसाठी बनवलेला होता. इंटरनेटशी न जोडलेल्या यंत्रणेपर्यंत तो पेनड्राइव्हमधूनही पोचू शके. सेंट्रिफ्यूजची गती नियंत्रित करणारी वारंवारिता साधारण 1,064 हर्ट्झ असायची; ती तो 1,410 वर नेई, कधी 2 वर आणी. त्या वेळात पडद्यावर मात्र आधी नोंदवून ठेवलेले सुरळीत आकडे चालू ठेवी. यंत्रं मोडत होती आणि ऑपरेटरला सगळं आलबेल दिसत होतं. हा किडा भारतातही भरपूर पसरला. सिमँटेकच्या नोंदीत बाधित संगणकांत इराण आणि इंडोनेशियानंतर आपला क्रमांक होता. पण तो ठरावीक मांडणीच शोधत होता, म्हणून आपली यंत्रं वाचली.

2017 मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात तर स्फोट टाळण्यासाठी बसवलेली सुरक्षा यंत्रणाच लक्ष्य झाली. हल्लेखोरांच्या चुकीने प्लांट ट्रिप झाला, म्हणून कळलं.

त्याच वर्षी 27 जूनला झळ आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आली. नॉटपेट्या हा किडा युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मेअर्स्क या जहाज कंपनीला लागला. तिच्या समूहातलं जेएनपीटीमधलं टर्मिनल अडकलं. तिथल्या क्रेन धडधाकट होत्या. कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारी यंत्रणा गेली होती. मेअर्स्कच्या नेटवर्कचा मुख्य पाया असलेली माहिती जगभर पुसली गेली, ती शाबूत सापडली फक्त घानातल्या ऑफिसात. वीज गेल्यामुळे तिथला सर्व्हर ऐन वेळी बंद होता. लोडशेडिंगचे आभार मानायची वेळ कंपन्यांवर क्वचितच येते!

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये चिनी हल्लेखोरांविषयीचा अमेरिकी अहवाल गाजला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. मला तांत्रिक कारणच अधिक पटतं. कळवा-पडघा परिसरातल्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक ट्रिप झाल्या, आणि असं झाल्यावर मुंबई वेगळी काढून तिच्या स्वतःच्या विजेवर चालवायची जी ‘आयलंडिंग’ व्यवस्था आहे, ती टिकली नाही, कारण त्या सकाळी शहराच्या आत तयार होणारी वीज मागणीच्या मानाने फार कमी होती. चीन की चूक या वादात हा मुद्दा मागे पडला. खरं तर हल्ला असता तरी सावरायला तीच व्यवस्था लागली असती.

सरकार स्वस्थ बसलंय असं नाही. 2014 पासून महत्त्वाच्या यंत्रणांच्या सुरक्षेसाठी एनसीआयआयपीसी ही संस्था आहे, 2021 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली, 2022 पासून सायबर घटना सहा तासांत कळवायचं बंधन आहे. पण कळवणं आणि सावरणं यांत फरक आहे. नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने मार्च 2019 मध्ये सायबर हल्ला झाल्यावर खंडणी द्यायला नकार दिला, तो कागदावर काम ठाऊक असलेल्या जुन्या माणसांच्या भरवशावर; काही निवृत्त कामगारही मदतीला आले. नोव्हेंबर 2023 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपाच्या पाणीपुरवठ्यातला पीएलसी हल्लेखोरांच्या ताब्यात गेला. अशा पीएलसींना कंपनीतूनच येणारा पासवर्ड 1111 होता, आणि तो अनेक ठिकाणी तसाच राहिलेला. तिथल्या माणसांनी पंप हाताने चालवला आणि पाणी चालू राहिलं.

आपल्याकडे मात्र ऑटोमेशनचा प्रस्ताव मंजूर होतो तोच मुळी माणसं कमी होतील या हिशेबावर. रात्रपाळीचा जुना फिटर निवृत्त होतो, त्याची जागा भरत नाहीत. वर्षातून एकदा तरी पडदे बंद ठेवून प्लांट चालवून पाहावा, तर उत्पादन बुडेल म्हणून कोणी तयार होत नाही. हवेवर चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक बसवून मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे पडतात. काटकसरीच्या बैठकीत ती ओळ कोण वाचवतो, ते एकदा तपासायला हवं.