ब्रेक नसलेल्या गाड्यांची टीम

राजेहो, गाडीला ब्रेकच नाही, गिअर एकच, टाकीत मिथेनॉल आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं! डाव्या बुटाला पोलादी तळ, कारण तोच पाय जमिनीवर घासत वळायचं. चौघं जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. हा स्पीडवे, मोटारसायकलींची शर्यत.

त्यातली आपली लाडकी टीम मँचेस्टरची बेल व्ह्यू एसेस. सुरुवात १९२८ ची. दुसऱ्याच वर्षी हाइड रोडचं मैदान मिळालं, तेही चक्क प्राणिसंग्रहालयाच्या आवारात! नागपूरच्या महाराजबागेत रेस भरवल्यासारखं. १९३३ ते १९३६ सलग चारदा लीग जिंकली.

पीटर क्रेव्हन त्यांचा हिरा, १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरात पुढे पडलेल्या रायडरला वाचवायला त्यानं गाडी वळवली, कुंपणावर आदळला, चार दिवसांनी गेला. वय २९.

१९८७ ला हाइड रोड बंद पडलं, टीम जिथून सुरुवात केली त्या जुन्या ग्रेहाउंड स्टेडियमवर परतली. २०१६ मध्ये नवं स्टेडियम झालं, पण ट्रॅकच धड नव्हता. उद्घाटनाचीच रेस पुढे ढकलावी लागली! लीगचं विजेतेपद मात्र १९९३ नंतर थेट २०२२ मध्ये आलं.