बर्फांतील मोटार आणि तिच्या चाकांचें रबर

ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा भाचा नोकरीनिमित्त कॅनडांत वा जर्मनींत राहतो, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं नाहींत. डिसेंबर उजाडला कीं या घरांतून दूरध्वनीवर चौकशी सुरू होते : थंडी किती आहे, लोकरीचे कपडे पुरतात ना, जेवणाची आबाळ होत नाहीं ना? परंतु नुकतीच जुनी मोटार विकत घेतलेल्या मुलाला "चाकांना टायर कोणते आहेत?" असें विचारणारे वडील आम्हांस अद्याप भेटावयाचे आहेत. वस्तुतः तिकडील हिवाळ्यांत हा प्रश्न लोकरीच्या कपड्यांइतकाच निकडीचा आहे.

मोटार केवढीहि असो, तिचें वळणें व थांबणें हें जमिनीस टेकलेल्या, तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवर अवलंबून असतें. उन्हाळी टायरचें रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावें म्हणून घट्ट बनविलेलें असतें. पारा सुमारें ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेला कीं, थंडींत मेण ताठरावें तसें तें ताठरूं लागतें व त्याची पकड सुटते. म्हणजे बर्फ पडण्यापूर्वींच धोक्यास आरंभ होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हिवाळी टायरचें रबर थंडींतहि मऊ राहतें, आणि त्यावर पाडलेल्या असंख्य बारीक चिरा बर्फ जणूं चिमटींत धरतात. फिनलंडमधील एका रबर-कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं असा टायर प्रथम काढला व १९३६ सालीं लहान मोटारींसाठींहि.

टायर विकत घेतांना त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण अशी खूण आहे कीं नाहीं, हें पाहावें. नुसतीं 'एम' व 'एस' हीं अक्षरें पुरेशीं नाहींत. तीं कसल्याहि परीक्षेवांचून छापतां येतात. जर्मनींत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें डोंगराची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. कॅनडाच्या क्विबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत असे टायर कायद्यानें बंधनकारक आहेत. कडेवरील चार आंकडी संख्येंत टायर कोणत्या आठवड्यांत व कोणत्या वर्षीं तयार झाला, हें नमूद असतें. जुना माल घेणाऱ्यानें ती अवश्य वाचावी.

"आमच्या गाडीचीं चारहि चाकें इंजिनाच्या जोरावर फिरतात, मग हा खर्च कशाला?" असा युक्तिवाद तरुण मंडळी करतात. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. या योजनेनें गाडी बर्फांतून निघते खरी. पण थांबावयाच्या वेळीं तिचा कांहीं उपयोग नाहीं. सहज सुटलेली गाडी उलट मनांत खोटा धीर उत्पन्न करते! दोनच टायर बदलून पैसे वांचविण्याचा मोहहि आवरावा. पुढच्या चाकांनीं पकड धरली आणि मागचीं घसरलीं, तर वळणावर गाडी गरकन् फिरते. शिवाय दोन्ही जोड आळीपाळीनें विश्रांति घेत असल्यामुळें अधिक वर्षें टिकतात. सबब हा खर्च दिसतो तेवढा भारी नाहीं.

हांकण्याची रीत एका शब्दांत सांगावयाची तर ती 'हळुवार' ही होय. वेग घेणें, वळणें, थांबणें, कशांतहि झटका नसावा, आणि एका वेळीं एकच क्रिया करावी. बर्फावर गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दसपटहि अंतर लागूं शकतें, असें ब्रिटिश सरकारची वाहतूक-नियमपुस्तिका बजावते. पुलांखालून गार वारा वाहत असल्यानें ते रस्त्याआधीं गोठतात. तेथील पारदर्शक थर नुसत्या ओलाव्यासारखा भासतो. गाडी घसरलीच, तर वेगाच्या पट्टीवरून पाय काढावा आणि जिकडे जावयाचें तिकडेच दृष्टि व स्टिअरिंग ठेवावें. चाकें जाम होऊं न देणारी ए.बी.एस. योजना गाडींत असेल, तर थांबतांना ब्रेक घट्ट दाबून धरावा. पायाखालीं थरथर जाणवली तरी सोडूं नये.

बर्फांत गाडी अडकून पडल्यास ऊब मिळावी म्हणून इंजिन चालूं ठेवण्यापूर्वीं खालीं उतरून धुराच्या नळीभोंवतींचा बर्फ काढावा. नळी बुजल्यास कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु गाडींत शिरतो, आणि त्यास वास नसल्यामुळें आंत बसलेल्यांस त्याची चाहूलहि लागत नाहीं. म्हणून इंजिन अधूनमधूनच चालवावें, एखादी कांच किंचित् उघडी ठेवावी, आणि गाडींत एक फावडें व दोन घोंगड्या हिवाळाभर असूं द्याव्या.