‘मिनिमम’ भरलं, म्हणजे नक्की काय भरलं?

हिंजवडीतल्या कॅन्टीनपासून सदाशिव पेठेतल्या पतसंस्थेच्या बाकापर्यंत पुण्यात एक वाक्य सर्रास ऐकू येतं : ‘कार्डाचं मिनिमम वेळेवर भरतोय, मग व्याज कसलं?’ म्हणणारे अडाणी नसतात. कित्येकदा बँकांचीच सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारे असतात. पाडव्याला फ्रिज, जूनमध्ये शाळेची फी, गणपतीत पाहुणे असं करत कार्डावर लाखभर रुपये साठतात. दरमहा बिलातला तो छोटा आकडा भरला जातो आणि सगळं सुरळीत चाललंय अशी घरात समजूत होते.

व्याज लागतं. चांगलं सणसणीत लागतं.

गैरसमज चिवट आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. किमान रक्कम मुदतीत भरली तर उशिराचा दंड लागत नाही आणि पतनोंदीत खातं थकीत दिसत नाही. फायदा तेवढाच. उरलेल्या बाकीवर व्याज सुरूच राहतं. शिवाय ज्या पंचेचाळीस-पन्नास दिवसांच्या बिनव्याजी मुदतीसाठी कार्ड घेतलं, तीही हातची जाते. मागची बाकी डोक्यावर असताना त्याच कार्डावर घेतलेल्या साध्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं.

आता आकडे. बाकी १ लाख, व्याज महिना साडेतीन टक्के (बऱ्याच कार्डांवर एवढं असतं), म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. किमान रक्कम ५ टक्के धरली तर भरले ५,०००, त्यातले ४,१३० व्याजात आणि करात गेले. मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी! पुढच्या महिन्यात बाकी किंचित घटते, तशी किमान रक्कमही घटते आणि फेड आणखी रेंगाळते. या चालीने, एका रुपयाचीही नवी खरेदी न करता, लाखाचे पन्नास हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तोवर खिशातून सुमारे २ लाख ८७ हजार गेलेले असतात. आणि निम्मं कर्ज अजून उभंच!

याच हिशेबात एक बदल करून पाहावा. किमान रक्कम घटली तरी पहिल्या महिन्याचे ५,००० तसेच भरत राहायचं. सगळं कर्ज चव्वेचाळिसाव्या महिन्यात संपतं. दरमहा १०,००० जमवता आले तर चौदाव्या. अट एकच, कार्ड कपाटात.

‘इतकं व्याज बेकायदा असणार’ ही पुढची समजूत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती खरी. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. दामदुपटीचा, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त घ्यायचं नाही हा जुना नियमही बँकेच्या कार्डधारकाला वाचवायला येत नाही. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे, वर दामदुपटीचं बंधन. कार्डाचे साडेतीन टक्के वर्षाचे ४२ होतात. तरी ‘सावकार’ ही शिवी आणि कार्ड हा रुबाब!

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यात कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. पुढे १८७९ च्या कायद्याने खतावरच्या आकड्यामागचा खरा हिशेब तपासण्याची मुभा कोर्टांना दिली. आज तेवढी यातायात लागत नाही. फक्त किमान रक्कम भरली तर फेड किती लांबेल आणि व्याज कसं चढेल, याचा इशारा बिलातच छापा, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश बँकांना बजावतात. इशारा छापलेला असतो. वाचायचा कोणी?

पण कमी भरण्याला आळस हे एकच कारण नाही. वॉरविक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना किमान रकमेसह बिल दाखवलं, काहींना तिच्याशिवाय. सगळी बाकी एकदम न भरणाऱ्यांमध्ये, किमान आकडा दिसलेल्यांनी बरंच कमी भरायचं ठरवलं. छापलेला आकडा मनाला खाली ओढतो. म्हणून ‘उमेद आली की फेडू’ म्हणत बसण्यापेक्षा पगार होताच ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय करणं जास्त उपयोगी.

उमेद वाढवायची एक युक्ती मात्र तपासलेली आहे. अनेक छोटी-मोठी कर्जं असतील तर गणित सांगतं, जास्त व्याजाचं आधी फेडा. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष कर्जदारांच्या नोंदींवरून दाखवलं, की एकेक खातं पूर्ण बंद करत गेलेले लोक शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त असते. दरांत फार फरक नसेल तर आधी सर्वांत लहान कर्ज संपवावं.

मग येतं ‘सोनं आणि ठेव यांना हात लावायचा नाही’. सात टक्क्यांची ठेव जपत ४२ टक्क्यांचं व्याज भरायला काय म्हणावं? लॉकरचं भाडं भरून बांगड्या अंधारात ठेवायच्या आणि कार्डाची बाकी वाढू द्यायची, यात कसली आली प्रतिष्ठा? अडीअडचणीपुरती रक्कम बाजूला ठेवून बाकीची ठेव मोडावी, किंवा बँकेचं सोनेतारण कर्ज काढून कार्ड पुरतं फेडावं. तिथला दर बहुधा कार्डाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असतो. ते कर्जही ठरलेल्या तारखेला फेडायचंच आहे, हे वेगळं सांगायला नको. नाहीतर बांगड्याही जातील.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘नो कॉस्ट इएमआय फुकट असतो’ : शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितलं, खर्च कुठेतरी धरलेला असतोच. ‘सिबिल स्कोअर स्वतः पाहिला तर घसरतो’ : नाही, आणि संपूर्ण पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. ‘सेटलमेंट केली की पाटी कोरी’ : नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचा बँकवाला तो वाचतो. ‘वसुलीवाले कधीही फोन करू शकतात’ : सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर नाही. ‘गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड बसतो’ : स्वतःच्या नावावरच्या, बदलत्या दराच्या कर्जाला बसत नाही.

आज एक काम करा. बँकेचं अॅप उघडा आणि कार्डाच्या ऑटो-डेबिटमध्ये ‘संपूर्ण रक्कम’ निवडली आहे की ‘किमान रक्कम’, ते बघा. किमान असेल आणि खात्यात पैसे असतील, तर लगेच बदला. नसतील, तर किमानपेक्षा जास्त अशी एक ठरावीक रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी कार्डात जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.