थंडरबर्ड उघडलं, पण मेल येईना
पासवर्ड बदलायची घाई करू नका. संगणकाबरोबरच थंडरबर्डही आपोआप सुरू होत असेल, तर वाय-फाय जोडलं जाण्याआधीच ते सर्व्हरकडे मेल मागतं आणि मागणी फसते. मिनिटभराने 'गेट मेसेजेस' दाबल्यावर मेल आली, तर खातं ठणठणीत आहे. नाहीच आली, तर डाव्या खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह पाहा. थंडरबर्ड चुकून ऑफलाइन झालेलं असतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मग सर्व्हर सेटिंग्ज: 'चेक फॉर न्यू मेसेजेस ॲट स्टार्टअप'वर खूण हवी, तीही प्रत्येक खात्याला स्वतंत्र. एसएसएल जोडणीसाठी आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५. जुनं जीमेल खातं अडलं असेल, तर ऑथेंटिकेशन मेथडमध्ये 'ओऑथ २' निवडा. नुसता नेहमीचा पासवर्ड गूगल २०२२पासून स्वीकारत नाही.