कोवळ्या वयातील धूम्रपान आणि गुडघ्यांचे आरोग्य

सुरत शहराच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन यांच्या दरम्यान भेस्तान हे पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. हा सारा परिसर कापड उद्योगाचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली असंख्य मराठी कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली आहेत. यंत्रमागावरील कामगार बसून काम करीत नाही. मागांच्या रांगांमधून तो पाळीभर उभा असतो, फिरत असतो. त्याच्या उपजीविकेचे खरे भांडवल म्हणजे त्याचे पाय. अशा वस्तीतला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा विडी ओढू लागला, तर घरची मंडळी त्याच्या छातीची काळजी करतात. गुडघ्यांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वैद्यकीय संशोधन मात्र तो करावयास सांगते.

गुडघ्याची रचना पाहिली म्हणजे याचे कारण ध्यानात येते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. चालताना तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातील वंगणासारखा द्रव तिच्यात शिरतो व तिचे पोषण होते. दोन हाडांमधील चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्यांनाही केवळ बाहेरच्या कडेने रक्त मिळते. त्यामुळे या भागांना इजा झाली, तर ती भरून येणे मुळातच कठीण असते.

धूर येथे भर घालतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. परिणामी हाडे, स्नायू आणि अस्थिबंध यांना प्राणवायू कमी पडतो. गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू लवकर थकू लागले, की त्यांनी पेलावयाचा भार सांध्यावर येतो. विडी आकाराने लहान असल्यामुळे ती सौम्य आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार झुरके घ्यावे लागतात आणि तिच्यातून मिळणारे निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते.

किशोरवयात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पायाच्या लांबीतील सुमारे दोन-तृतीयांश वाढ गुडघ्यालगतच्या वाढपट्ट्यांतून होते आणि आयुष्यभर पुरणारा अस्थिसंचय मुख्यतः याच वर्षांत साठतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १८ ते २० वर्षे वयाच्या १,०६८ तरुणांची तपासणी करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, धूम्रपान करणाऱ्या तरुणांच्या हाडांची घनता न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. म्हणजे म्हातारपणाची वाट पाहावी लागली नाही. विशीच्या उंबरठ्यावरच फरक दिसला.

येथे एका जुन्या वादाचा उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९८९ च्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात कमी आढळला होता. त्यावरून तंबाखू सांध्यांचे रक्षण करते की काय, अशी शंका निघाली. २०११ मध्ये ४८ अभ्यासांतील ५ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा हे ‘संरक्षण’ बहुधा निवडीतील दोषाचा आभास असल्याचा निष्कर्ष निघाला. रुग्णालयांत तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांमध्ये तंबाखूजन्य आजारांचेच लोक अधिक असल्याने चित्र उलटे दिसत होते. उलट, गुडघ्याचा संधिवात असलेल्या १५९ पुरुषांवर ३० महिने लक्ष ठेवणाऱ्या २००७ च्या अमेरिकी अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांची कूर्चा झिजण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली आणि त्यांच्या वेदनाही तीव्र होत्या.

गोव्यातील वाचकांना आणखी एक मुद्दा जवळचा वाटेल. फुटबॉल हा आपला राज्यक्रीडाप्रकार आणि गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे ही त्यातली नेहमीची दुखापत. अस्थिबंधाच्या पुनर्रचनेनंतर रुग्णांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या अमेरिकेतील अभ्यासांत, धूम्रपान करणाऱ्यांचा गुडघा पुढे कमी समाधानकारक काम करतो, असे दिसून आले आहे. म्हणूनच शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे तंबाखू सोडण्याचा आग्रह धरतात. भेस्तानच्या मागावर उभा राहणारा तरुण असो, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यात पाळी करणारा असो वा मैदानावर धावणारा. देहाचा नियम सर्वांना सारखाच.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते आणि विडी ओढणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ती दहाव्या वाढदिवसापूर्वीच ओढली होती. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास बंदी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. घरातील मुलाला विडी आणावयास दुकानात पाठविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे.

सवय सोडल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो आणि वाढत्या वयातील हाडांना सावरण्याची संधी मिळते. झिजलेली कूर्चा मात्र पूर्ववत होत नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी निःशुल्क मार्गदर्शन मिळते. मुलाच्या हाती विडी दिसल्यास त्याला केवळ रागावण्यापेक्षा त्याच्यासोबत बसून हा क्रमांक लावणे अधिक उपयोगाचे ठरेल.