सडपातळ कोण आणि हडकुळा कोण?

मराठी घरांत कोणाच्या अंगकाठीचें वर्णन करावयाचें झालें, तर शब्दांची वाण पडत नाहीं. रोड, सडपातळ, शेलाटा, काटक, किडकिडीत, हडकुळा हे सारे शब्द बारीक माणसालाच लागू पडतात. परंतु सडपातळ म्हटल्यानें जो सुखावतो, तोच हडकुळा म्हटल्यास पुन्हा त्या घरची पायरी चढणार नाहीं. हा भेद मराठी मुलाला बोलतां बोलतां कळतो. इंग्रजींतील अशाच शब्दांचा भेद मात्र शिकावा लागतो, आणि लहान कोश पुष्कळदां त्या सर्वांपुढें ‘बारीक, कृश’ एवढेंच लिहून मोकळे होतात.

यांतून होणाऱ्या घोटाळ्याचा नमुना उल्हासनगरच्या बाजारांत सांपडतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. त्या वस्तीला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि पुढें तें जीन्सच्या विजारींसाठीं प्रसिद्धीस आलें. अंबरनाथ-बदलापूरचे तरुणही त्याच विजारी घालून लोकलनें कामावर जातात. त्यांच्या चिठ्ठीवर ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ असे शब्द असतात. तेथें ते कापडाला उद्देशून आहेत: स्लिम म्हणजे अंगाला बेताची बसणारी, स्किनी म्हणजे कातडीला चिकटणारी. चिठ्ठीवर दोन्ही शब्द सारखेच डौलदार दिसतात. पण तेच माणसाला लावले, कीं स्लिम ही स्तुति ठरते व स्किनी ही हेटाळणी. कारण स्किनी माणूस म्हणजे कातडीखालीं केवळ हाडें उरलेला, आपला हडकुळा.

या कुळांतील सर्वांत निरुपद्रवी शब्द ‘थिन’ हा होय. तो संस्कृत ‘तनु’ शब्दाचा दूरचा भाऊबंद असून स्तुति वा निंदा न करितां नुसतें बारीकपण सांगतो. ‘स्लिम’ डच भाषेकडून आला. तेथें पूर्वीं त्याचा अर्थ वांकडा, वाईट असा होता, पण इंग्रजींत त्याचें दैव उघडलें आणि तो सडपातळ झाला. ‘स्लेंडर’ म्हणजे शेलाटा. त्यांत नाजूकपणा व डौल येतो. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयाच्या भिंतींवर ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत, त्यांच्या कमरेला हाच शब्द शोभेल. ‘लीन’ म्हणजे काटक: अंगावर चरबी नाहीं, पण स्नायूंत बळ आहे. धांवण्याच्या शर्यतींतील गडी लीन असतो. ‘इमेशिएटेड’ हा शब्द मात्र सर्वांहून निराळा. तो रूप सांगत नाहीं, दुखणें सांगतो. रोगानें वा उपासमारीनें खंगलेल्या देहालाच तो लावावा.

दुसऱ्या बाजूसही अशीच उतरंड आहे. ‘फॅट’ म्हणजे लठ्ठ. तोंडावर म्हणावयास तो कठोर आहे. ‘प्लंप’ म्हणजे गुबगुबीत, अंगानें भरलेला. ‘चबी’ हा लाडका शब्द लहान मुलांच्या गुटगुटीतपणाला शोभतो. प्रौढ गृहस्थाला लावल्यास थट्टा होते. ‘स्टाउट’चा मूळ अर्थ गर्विष्ठ, शूर असा होता, त्यामुळें जाडेपणाबरोबर दणकटपणाची छटा त्यांत अजून राहिली आहे. ‘स्टॉकी’ म्हणजे ठेंगणा पण मजबूत, आणि ‘बर्ली’ म्हणजे धिप्पाड. आपल्या शहरांतून लठ्ठ म्हणण्याचा संकोच वाटून ‘हेल्दी’ म्हणण्याची चाल पडली आहे. परंतु इंग्रज माणूस त्यावरून निरोगी एवढाच अर्थ घेईल.

‘ओबीस’ हा वैद्यांचा शब्द होय, व तो मोजून लावावयाचा असतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागतात. या हिशेबाचा पाया बेल्जमचे गणिती केतले यांनीं १८३२ च्या सुमारास घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें हा आंकडा १८.५ च्या खालीं असल्यास वजन कमी, २५ पासून अधिक, व ३० पासून ओबीस. भारतीय तज्ज्ञांनीं २००९ सालीं आपल्या लोकांसाठीं याच वरच्या मर्यादा २३ व २५ अशा ठरविल्या. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व ६४ किलो वजनाच्या ज्या गृहस्थाला शेजारी कौतुकानें ‘हेल्दी’ म्हणतात, तो येथील वैद्यांच्या हिशेबीं ओबीस ठरतो. उलट त्याच उंचीचा ४६ किलोचा माणूस स्लिम वाटला, तरी त्याचें वजन कमीच होय. चरकसंहितेनेंही अतिस्थूल व अतिकृश या दोघांना निंद्य देहांच्या यादींत एकत्र बसविलें आहे.

शब्द निवडण्यापूर्वीं म्हणून तीन प्रश्न विचारावे. आकारच सांगावयाचा आहे, कीं त्यावर मतही द्यावयाचें आहे? ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो मूल आहे, कीं प्रौढ? आणि हा बांधा जन्मजात आहे, कीं हल्लींच पालटला आहे? परदेशांतील स्थळाला पत्र लिहिणाऱ्या बदलापूरच्या बापानें मुलीला ‘स्किनी’ लिहिलें, तर त्यानें नकळत तिचीच निंदा केली असें होईल. ‘स्लिम’ किंवा ‘स्लेंडर’ लिहिल्यास त्याच्या मनांतील गोष्ट नेमकी पोंचेल.

तिसऱ्या प्रश्नाचें महत्त्व याहूनही मोठें आहे. खाणेंपिणें न बदलतां कोणी दोन महिन्यांत झरझर वाळला, आणि आप्तेष्टांनीं ‘किती स्लिम झालास!’ म्हणून पाठ थोपटली, तर त्या गोड शब्दाखालीं क्षय किंवा मधुमेह लपून राहूं शकतो. तेथें शाबासकी न देतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें, आणि वजन किती दिवसांत किती उतरलें, तें आंकड्यांत सांगावें.